सयाजीची पडकई

लॅपटॉपला हात लावायच्या आधी सयाजी हात धुवायचा. भाताच्या खाचरातून आलेला असो, नाहीतर नुकती आंघोळ झालेली असो.

एस.टी.वर डिंभ्याची पाटी दिसत असली तरी कंडक्टरला विचारायचा, "डिंभ्याला जाणार ना?"

फोनवर कधी हो म्हणायचा नाही. "बघतो," म्हणायचा. आणि खरंच बघायचा.

कुणाची चूक दाखवायची असेल तर पहिली ओळ नमस्काराची लिहायचा. समोरचा कितीही तुसडा असो, जगाच्या कुठल्याही टोकाला असो.

"माझं" हा शब्द टाळायचा. "ते माझ्याकडं असतं," म्हणायचा. दुसऱ्याची म्हैस वाट्यानं सांभाळणारा माणूस बोलतो तसं.

चहा बशीत ओतायचा. बशीतला प्यायचा, कपातला विसरायचा.

गळ्यात काळ्या दोऱ्यात बोटाच्या पेराएवढी एक चपटी काडी असायची. लोकांना तो ताईत वाटायचा. कुणी विचारलं की तो ती शर्टाच्या आत सारायचा.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की बुडालेल्या शेतांचे बांध उघडे पडतात. तेव्हा तो एकटाच खाली जाऊन त्या बांधांवरून चालून यायचा. काय पाहिलं ते सांगायचा नाही.

वैजयंतीनं या सवयी येता-जाता पाहिल्या. ती घोडेगावात सुनीलच्या डीटीपीच्या दुकानात कामाला होती. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, दशक्रियेचे बोर्ड. मंचरच्या कॉलेजातून मराठीत एम.ए. केल्यावर तिला मिळालेलं हे पहिलं काम. कवितेवर प्रबंध लिहिणारी मुलगी आता "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं" अशा ओळी जुळवत होती. तिला त्याचं फार वाईट वाटत नव्हतं. अक्षरं तरी हाताखालून जात होती.

एकदा ऐन लग्नसराईत दुकानातला कॉम्प्युटर बसला. सुनीलनं सयाजीला बोलावलं. सयाजी असवले, राहणार डिंभे, चाळिशी ओलांडलेला, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. उसाच्या हंगामात तो पारगावच्या कारखान्यावर वजनकाट्याचा ऑपरेटर असायचा. हंगाम संपला की घरी भातशेती आणि अशी सटरफटर दुरुस्ती.

त्यानं कॉम्प्युटरमधलं सगळं पुसून त्यात लिनक्स टाकलं.

"फुकटचं हाय मंजे कवातरी बंद पडणार," सुनील म्हणाला.

"बंद पडलं तर मला सांगा."

"तुला सांगू. आन् तू कुणाला सांगणार?"

"त्यातलं थोडं माझ्याकडंच असतं. मीच नीट करतो."

सुनील वैजयंतीकडं बघून हसला. "ऐकलं का, वैजू? हा पावणा डिंभ्यात बसून जगाची मशिनं नीट करतो. आन् माझा प्रिंटर आठ दिस झालं शाई ओकतोय."

सयाजीनं आधी प्रिंटर दुरुस्त केला. मग उभ्या उभ्या चहा घेतला, कपातला विसरला आणि गेला.

या नव्या लिनक्सवर 'द्ध' हे जोडाक्षर फुटत होतं. 'शुद्ध'चा 'शुद् ध' व्हायचा. वैजयंतीनं ते त्याला फोनवर सांगितलं. "बघतो," तो म्हणाला. काही दिवसांनी कॉम्प्युटरनं नवं काहीतरी उतरवून घेतलं आणि 'शुद्ध' शुद्ध झाला. तिनं फोन केला. "दादा, तुम्ही दुकानात न येता कसं केलं?"

"मी दुकानातलं केलंच न्हाई. जिथनं येतं तिथलं केलं. आता ते सगळ्यांचं नीट झालं."

"सगळ्यांचं म्हणजे?"

"ज्यांच्याकडं हे हाय, त्या सगळ्यांचं."

पुढच्या रविवारी ती डिंभ्याला गेली. एस.टी.चा भरवसा नव्हता, म्हणून अर्धी वाट जीपनं आणि उरलेली पायी. सयाजीची खोली धरणाच्या वसाहतीमागं होती. एक कॉट, एक टेबल, भिंतीला त्याच्या आईचा, अंबाबाईचा फोटो. आई गेल्यावर धाकटा भाऊ सावळेराम भोसरीला राहायला गेला. सयाजी आधी भोसरीलाच एका कंपनीत होता. आईच्या आजारपणात परत आला आणि इथंच राहिला.

त्यानं तिला समजावून सांगितलं. हे लिनक्स कुठल्या कंपनीचं नाही. जगभरची माणसं आपापल्या घरी बसून, पगार न घेता, ते सांभाळतात. त्यातल्या प्रत्येक प्रोग्रॅमचं एक गाठोडं असतं. त्याला पॅकेज म्हणतात. प्रत्येक पॅकेजला एक राखणदार. त्यात बिघाड झाला, कुणाची तक्रार आली, तर त्यानं निस्तरायचं.

"आणि त्यानं सोडून दिलं तर?"

"तर ते पॅकेज अनाथ म्हणून जाहीर करायचं. कुणीतरी घेतं. न्हाई घेतलं तर पुढच्या आवृत्तीतून काढून टाकतात."

"आणि हे सगळं कशासाठी करता तुम्ही?"

सयाजीनं खिडकीतून समोरच्या डोंगराकडं बोट केलं. "पडकई ठाऊक हाय ना? उन्हाळ्यात आमची सगळी घरं मिळून एकेकाच्या उतारावर खाचर पाडतात. आज माझं, उद्या तुझं. पैसा न्हाई, भाकरी तेवढी. आता डोंगरात ती पडकई राहिली न्हाई. जेसीबी येतो." त्यानं बोट लॅपटॉपकडं वळवलं. "ही माझी पडकई."

वैजयंतीच्या मनात आलं, पडकईत माणसं गाणी म्हणतात, शिव्या देतात, एकमेकांच्या भाकरी पळवतात. या खोलीत पंख्याचा आवाज होता.

पडद्यावर नावं येत होती. ती विचारत गेली.

"हा कोण?"

"फिनलंडचा हाय. थंडीत लई काम करतो. उन्हाळा आला की गायब."

"ही?"

"ब्राझीलची बाई. हिला रागाचा झटका येतो, पण काम चोख. मधी हिचं पोरगं आजारी व्हतं."

"तिनं सांगितलं?"

"न्हाई. चुका करायला लागली. मग मीच विचारलं."

"यांच्यातलं कुणी भेटलंय कधी?"

भेटलं होतं. एकदाच. लिनक्स सांभाळणाऱ्यांच्या या मंडळात पक्का सभासद व्हायचं तर आधीच्या सभासदांनी तुम्हाला समोरासमोर पाहावं लागतं. ओळखपत्र बघायचं, चेहरा बघायचा आणि मग आपल्या सहीनं ग्वाही द्यायची, की हा माणूस खरा आहे. आंबेगाव तालुक्यात अशी ग्वाही देणारं कोण सापडणार? सयाजी कित्येक वर्षं अर्धा सभासद राहिला. मग एकदा खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर कामाला आलेला एक परदेशी शास्त्रज्ञ त्याच मंडळाचा निघाला. दोघं नारायणगावच्या स्टँडसमोर मिसळीच्या हॉटेलात बसले. त्यानं पासपोर्ट काढला, सयाजीनं मतदान कार्ड काढलं. दोघांनी एकमेकांचा फोटो आणि चेहरा ताडून पाहिला. बराच वेळ.

हॉटेलवाला म्हणाला, "काय भाऊ, जमिनीचा व्यवहार हाय का सोयरीक?"

"सोयरीकच म्हणा," सयाजी म्हणाला होता.

हे सांगताना तो हसला. तसा तो क्वचित हसायचा. तिथली मिसळ त्या माणसाला तिखट लागली, नाकाडोळ्यांतून पाणी आलं, हेही त्यानं सांगितलं. म्हणजे जगभरच्या त्या मंडळातल्या एका माणसाचं नाक वाहताना त्यानं पाहिलं होतं. बाकी सगळ्यांची फक्त अक्षरं.

गळ्यातली काडी त्याच सहीची होती, पेनड्राइव्हसारखी. तिच्यात त्याची गुप्त किल्ली होती. ती कॉम्प्युटरला लावून, परवलीचं वाक्य टाकून तो सही करायचा. त्या सहीशिवाय पॅकेज आत जात नसे. नव्या माणसाला असा हक्क नसतो. नव्यानं पॅकेज तयार करायचं, एखाद्या हक्कदारानं ते तपासायचं आणि पटलं तर आपल्या सहीनं वर चढवायचं. अशा हक्कदाराला ते स्पॉन्सर म्हणतात. सयाजीनं अनेकांची पॅकेजेस अशी चढवली होती. कुणी चिलीचं, कुणी तैवानचं. त्यातले काही पुढं मोठे झाले. शेजारच्या गावचं कुणी कधी आलं नाही.

"तूच कर की एखादं," तो म्हणाला. टेबलावरची धूळ झटकत, दुसरीकडं बघत म्हणाला. पण वैजयंतीला ते ऐकू आलं तसं कळलंही. त्याला सोबत हवी होती.

तिच्या डोक्यात गेणू पेंटर होता.

घोडेगावच्या पेठेतल्या जुन्या शटरांवर, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर, शाळांच्या भिंतींवर एकच अक्षर दिसायचं. गोल पोटाचं, जाड शिरोरेघेचं, 'ल'ची शेपूट जरा उर्मट. ते सगळं गेणू पेंटरचं. फ्लेक्स आले आणि त्याचा ब्रश बंद झाला. आता डोळ्यांत मोतीबिंदू आणि अंगात साखर. त्याची अक्षरं उन्हानं उडत होती. काही शटर नव्या रंगाखाली गेली होती. वैजयंती मोबाईलवर त्यांचे फोटो काढत सुटली. मग दुकानातल्या कॉम्प्युटरवर एकेक अक्षर गिरवून तिनं त्यांचा फॉन्ट केला. मधल्या सुट्टीत, भारनियमन सांभाळत, सुनीलच्या शिव्या खात. फॉन्टचं नाव ठेवलं 'गेणू'.

सुनील म्हणाला, "मंग ह्याला आता स्पॉन्सर कोण?"

"सयाजीदादा."

"त्यो? त्याच्याकडं चष्म्याला काडी न्हाई. कबड्डीच्या टीमला टी-शर्ट देतो त्याला स्पॉन्सर म्हणत्यात, बाई."

तिला फॉन्ट येत्या आवृत्तीतच हवा होता. नवी आवृत्ती साधारण दोन वर्षांतून एकदा निघते. ती निघायच्या बरंच आधी दार लावून घेतात. त्यानंतर नवं काही आत घेत नाहीत. यंदाचं दार ऐन गळीत हंगामात लागणार होतं. या वेळी चुकलं तर पुन्हा दोन वर्षं. तोवर गेणू पेंटरला स्वतःचं अक्षर दिसेल का, हे डॉक्टरही सांगत नव्हते. जगातल्या कुणाच्याही पडद्यावर उमटू शकणारं आपलं अक्षर म्हाताऱ्यानं एकदा आपल्या डोळ्यांनी पाहावं, एवढंच तिला हवं होतं.

सयाजीनं विनंती स्वीकारली. इंटरनेटवरच्या मंडळाच्या पानावर तिच्या पॅकेजसमोर स्वतःचं नाव लावलं. नाव लागलं म्हणजे जबाबदारी त्याची. दुसरं कुणी त्याला हात लावत नाही. तशी रीत आहे.

मग त्यानं तिची स्वतःची किल्ली तयार करून घेतली आणि तिच्यावर ग्वाही द्यायला आधार कार्ड मागितलं.

"दादा, माझ्या मामाच्या लग्नात तुम्ही वाढायला होतात."

"व्हतो. जिलेबीच्या पंगतीला. कार्ड दाखव."

"दुकानात नेहमी बघता मला."

"वैजू, मी लिहून देणार की हे कार्ड बघितलं. न बघता कसं लिवू?"

तिनं कार्ड दिलं. त्यानं चष्मा सरळ केला. फोटो पाहिला, मग तिला पाहिलं, मग पुन्हा फोटो. तिला हसू आलं. तो हसला नाही.

त्यानंतर तो तिला शेरे पाठवू लागला. पहिली ओळ नमस्काराची. या फाईलमध्ये तारीख नाही. वर्णनात 'अप्रतिम' शब्द काढा, स्वतःच्या मालाला आपण तसं म्हणत नसतो. तिनं दुरुस्त करून पाठवलं की पुन्हा शेरे. दोघं समोरासमोर चहा पीत बसले असले तरी शेरे तो पानावरच टाकायचा. उघड्यावर. सगळ्यांना दिसावेत म्हणून. बोलताना वैजू म्हणायचा, तिथं "वैजयंतीताई" लिहायचा.

एक शेरा मात्र साधा नव्हता. 'अक्षरं कुणाची आहेत? त्यांची परवानगी लेखी कुठं आहे?'

दिवाळी झाली होती, कारखाना पेटायला थोडे दिवस होते. दोघं गेणू पेंटरच्या घरी गेले. म्हातारा पडवीत खाटेवर बसला होता. त्याची बायको साळुबाई शेंगा फोडत होती.

"कोण हाय?"

"बाबा, मी वैजयंती. सुनीलच्या दुकानातली."

"फ्लेक्सवाली व्हय. या. आमचा ब्रश वाळवला, आता काय न्यायला आला? खाट?"

"अक्षर न्यायला आलोय," सयाजी म्हणाला.

म्हाताऱ्यानं मान वर केली. "ह्यो कोण चष्मेवाला?"

सयाजीनं सांगितलं. हळू, न कंटाळता. तुमचं अक्षर या पोरीनं कॉम्प्युटरमध्ये उतरवलंय. ते कुणालाही फुकट वापरता येईल. छापता येईल. दुसऱ्याला देता येईल.

"देऊ दे की. भिंतीवर हाय तवर बघायला पैसं घेतो का मी?"

"आन् बदलताबी येईल."

साळुबाईचे हात थांबले. तिनं नवऱ्याकडं पाहिलं.

"बदलता?" गेणू म्हणाला. "काय बदलता?"

"अक्षर. कुणाला पोट बारीक हवं, कुणाला रेघ पातळ."

"माझा 'ल' कुणीबी येऊन मोडणार?"

"हां."

"न्हाई. ज्याला मोडायचा त्यानं स्वतःचा काढावा. वापरा म्हणलं, मोडा न्हाई म्हणलं. उठा."

वैजयंती म्हणाली, "दादा, बदलू नका एवढं लिहिलं तर नाही चालणार?"

"न्हाई चालणार. बदलायची मोकळीक न्हाई तर आमच्यात घेत न्हाईत."

"मग काय उपयोग?" ती जरा चिडूनच म्हणाली.

सयाजी उठला नाही. खाटेशेजारी जमिनीवर बसून राहिला. साळुबाईनं त्याच्यापुढं शेंगा सारल्या. त्यानं एक फोडली. मग म्हणाला, "पेंटरबाबा, बोर्डाच्या कोपऱ्यात तुमी नाव टाकायचा ना?"

"टाकायचो. गेणू, घोडेगाव."

"आन् दुसऱ्यानं तुमच्या बोर्डावर काही खरडलं, तर?"

"एकानं खरडलं व्हतं. जुन्नरच्या स्टँडसमोर. म्या जाऊन आधी माझं नाव पुसलं. म्हणलं, आता ह्यो तुझा."

"ह्यात तशी सोय हाय," सयाजी म्हणाला. "नाव राखून ठेवता येतं. कुणी अक्षर बदललं की त्याला 'गेणू' हे नाव लावता येत न्हाई. त्यानं स्वतःचं नाव द्यायचं. 'गेणू' म्हणून जे जाईल ते तुमी काढलं तसंच जाईल."

म्हातारा विचारात पडला.

"मंजे बिघडवला त्यो त्याचा."

"त्याचा."

"आन् राहिला त्यो माझा."

"तुमचा."

"असं आधी बोलायचं का न्हाई, राव? उगा बीपी वाढवला." तो बायकोला म्हणाला, "साळू, ब्रश आण."

"डोळं न्हाईत, आन् ब्रश आण म्हणे," साळुबाई पुटपुटली. पण आणला. वाळलेले केस तिनंच रॉकेलमध्ये भिजवून सोडवले. गेणूनं एका पुठ्ठ्यावर परवानगी लिहिली. सयाजी सांगत गेला, तो लिहीत गेला. शेवटच्या ओळीला शिरोरेघ खाली घसरली. ती त्याला दिसली नाही, पण हाताला कळली. त्यानं एक कचकचीत शिवी दिली आणि खाली नाव टाकलं. गेणू, घोडेगाव.

परत येताना सयाजी पुठ्ठा दोन्ही हातांत आडवा धरून बसला होता. रंग ओला होता. जीपमधल्या बाईनं विचारलं, "कुणाच्या निवडणुकीचा हाय?" तो नुसता हसला. वैजयंतीसमोर तो दुसऱ्यांदा हसला होता.

मग कारखाना सुरू झाला आणि सयाजी पारगावला गेला. दिवसभर काट्याच्या केबिनमध्ये. ट्रॉली काट्यावर चढते, आकडा थांबतो, पावती निघते, हिरवा दिवा लागतो, ट्रॉली पुढं सरकते. गाड्यांच्या मधल्या वेळात तो लॅपटॉप उघडायचा. शेरे येत राहिले, पण लहान लहान. दार लागायला थोडे दिवस होते. वैजयंती रोज पान उघडून बघायची.

एके सकाळी तिथं त्याचा नवा मजकूर होता. 'नमस्कार वैजयंतीताई. सगळं नीट आहे. मुळाक्षरं एकदा कागदावर छापून डोळ्यांखालून घालतो, मग आज संध्याकाळी चढवतो.'

आज संध्याकाळी. बघतो नव्हे. चढवतो. तिनं ते सुनीलला वाचून दाखवलं. सुनीलनं भेळ मागवली.

दुपारी काट्यावर हिरवा दिवा लागेना. पुढचं तिला रामदासनं सांगितलं. रामदासचा ट्रॅक्टर त्या वेळी काट्यावर उभा होता. त्यानं हॉर्न दिला. मागच्यांनी दिले. सगळी रांग हॉर्न वाजवू लागली. "ओ ऑपरेटर, झोपला का राव?" म्हणत तो खाली उतरला आणि काचेवर टकटक केलं. सयाजी खुर्चीत बसलेला होता. हात टेबलावर, चष्मा नाकावर. आकडा स्थिर झालेला होता. फक्त बटण दाबायचं राहिलं होतं.

डॉक्टरांनी हृदय म्हणून सांगितलं.

भोसरीहून सावळेराम आला. घोड नदीच्या काठी डिंभ्यात सगळं झालं. माणसं बरीच आली. कारखान्याचे, वसाहतीतले, ज्यांचे मोबाईल त्यानं दुरुस्त केले ते. सगळे म्हणत होते, एकटाच व्हता बिचारा. काय करायचा दिवसभर त्या मशीनवर, कोण जाणे.

वैजयंतीला ठाऊक होतं. ते तिला कुणाला सांगता येईना.

सावळेरामनं तिला बाजूला घेतलं. त्याच्या तळहातावर ती काडी होती, दोऱ्यासकट. "ताई, तू दादाकडं येत व्हतीस. ह्यो ताईत कुठल्या देवाचा? अस्थींबरोबर सोडायचा का कुणाला द्यायचा असतो?"

तिनं काडीकडं पाहिलं. ती दुसऱ्या कुणाच्या उपयोगाची नव्हती. ज्या वाक्यानं ती उघडायची ते गेलं होतं.

"सोडा," ती म्हणाली.

त्यानं ती अस्थींबरोबर पाण्यात सोडली.

मंडळाला कळवायला हवं होतं. तिनं लिहिलं. पहिली ओळ नमस्काराची. तिच्या किल्लीवर सयाजीची ग्वाही होती म्हणून त्यांनी तिच्यावर विश्वास ठेवला. पहिलं उत्तर लगेच आलं. सयाजीची किल्ली बंद केली आहे, आता त्याच्या नावानं कुणी सही करू शकणार नाही, कळवल्याबद्दल आभार. रीत तशीच असते, हे तिला समजत होतं. तरी ती बराच वेळ त्या ओळीकडं बघत राहिली. इथं अजून त्याच्या दारात चपला होत्या.

मग बाकीचे लिहू लागले. फिनलंडचा. चिलीचा. कुणी लिहिलं, माझं पहिलं पॅकेज त्यांनी अकरा वेळा परत पाठवलं आणि आज मी जो आहे तो त्यामुळं आहे. ब्राझीलच्या बाईनं लिहिलं, माझा मुलगा आजारी असताना मला विचारणारा तो एकटा होता. तो काय काम करायचा? कुणी प्राध्यापक होता का? खोडदच्या दुर्बिणीवर आलेल्या त्या माणसानं एक ओळ लिहिली, मी त्याला एकदा भेटलो आहे. त्याखाली कितीतरी जणांनी विचारलं, तो दिसायचा कसा?

त्याच्याकडची पॅकेजेस अनाथ म्हणून जाहीर झाली. त्या आठवड्यातच बहुतेकांना नवे राखणदार मिळाले.

दशक्रियेचा बोर्ड सुनीलच्याच दुकानात आला. "वैजू, तू नको करू, मी करतो," सुनील म्हणाला. तिनं मान हलवली आणि करायला बसली. फोटो मतदान कार्डावरचा. नावाखाली काय लिहायचं? सावळेराम म्हणाला, "ऑपरेटर लिहा. काटा ऑपरेटर." तिनं तेच लिहिलं. नाव तिनं गेणूच्या अक्षरात घातलं. कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्याच दिवसांत कधीतरी दार लागलं. तिच्या पॅकेजसमोर सयाजीचं नाव होतं आणि ज्याचं नाव असतं त्याच्या कामाला दुसरा हात लावत नाही. तैवानच्या एका मुलीनं तिला लिहिलं होतं, ते नाव काढलंस तर मी चढवते. ते तिनं वाचलं तोवर उशीर झाला होता.

ती गेणू पेंटरकडं गेली. म्हातारा पडवीतच होता.

"फ्लेक्सवाली? आलं का माझं अक्षर?"

"नाही, बाबा. पुढच्या खेपेला."

"पुढची खेप कवा?"

"दोन वर्षांनी."

त्यानं बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाला, "त्यो भाऊ कुठं हाय? चष्मेवाला. त्याला पाठव. त्याला नीट सांगता येतं."

साळुबाईला माहीत होतं. तिनं वैजयंतीकडं पाहून मान हलवली. नको, म्हणून.

केबिनमधलं त्याचं सामान कारखान्यावरून रामदासनं आणून दिलं. लॅपटॉप सावळेरामकडं गेला. डबा, पंचा आणि एक कागद वैजयंतीकडं आला, कारण कागदावर तिचं नाव होतं. काट्याच्या ऑफिसातल्या प्रिंटरवर त्यानं मुळाक्षरं छापली होती. ठळक, मोठी, एकाखाली एक. अंगठ्याचा ठसा कुठंच नव्हता. हात धुऊनच घेतला असणार.

वरून एकेका अक्षराशेजारी निळ्या पेनानं बरोबरची खूण आहे. 'ट'ला दोन खुणा आहेत. तो त्या अक्षराकडं पुन्हा आला असावा. 'ध'च्या खाली बारीक अक्षरात लिहिलंय, छान. त्यापुढं न, प, फ, ब. 'भ'ला खूण आहे.

'म'च्या शेजारी पेन टेकवल्याचा ठिपका आहे. य, र, ल, व, तिथपासून ज्ञपर्यंत काही नाही.